कुंभार तसा लोटा

बंगळुरूच्या दक्षिणेला, कनकपुरा रस्त्यावर, बनशंकरीचे देऊळ आहे. सोमण्णा शेट्टी नावाच्या भक्ताने ते १९१५ साली उभारले. देवी मूळची बदामीची. पुढे तिच्या नावाने शहराचा एक मोठा भाग वसला, त्याचे पहिला, दुसरा, तिसरा असे टप्पे पडले आणि आता मेट्रोचे स्थानकही तिच्याच नावाचे आहे. मराठी माणसाला ही देवी परकी नाही. बदामीजवळच्या मूळ देवळाचा जीर्णोद्धार १७५० मध्ये परशुराम आगळे या मराठा सरदाराने केला, आणि शाकंभरी या नावाने देशावरच्या कितीतरी घरांची ती कुलदेवता आहे. बंगळुरूच्या देवळाची एक रीत मात्र तिची स्वतःची. राहुकाळात आपण शुभ काम टाळतो. इथे भाविक नेमकी तीच वेळ साधून येतात. लिंबू अर्धे कापायचे, रस पिळून काढायचा, साल उलटी करायची आणि त्या वाटीत तूप-वात घालून दिवा लावायचा. संकट टळो, घर सावरो, हे मागणे. घर सावरण्यात मुलगा वाट चुकू नये हेही आलेच. या मागण्याला हसण्याचे कारण मला दिसत नाही. मात्र त्याच्या पोटात एक जुना प्रश्न दडला आहे आणि तो धर्माचाही आहे: वाढत्या मुलाला व्यसनापासून आणि गुन्ह्यापासून राखण्याचे सामर्थ्य घराला येते कुठून? रक्तातून, कृपेतून, की शिकण्यातून?

शिकण्यातून, असे म्हणणारी एक विचारधारा गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत जगभर रुजली आहे. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात कॅरोल कम्फर यांनी १९८० च्या दशकात व्यसनी आईबापांच्या मुलांसाठी एक अभ्यासक्रम आखला. नुसते पालकांना शिकवून पाहिले, पालक आणि मुले दोघांना वेगवेगळे शिकवून पाहिले, आणि दोघांना शिकवून नंतर एकत्र बसवून पाहिले, तेव्हा तिसरी रीत सरस ठरली. पुढे आयोवा राज्यात दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी त्याचे सात संध्याकाळींचे रूप तयार झाले. पहिला तास आईबाप एका खोलीत आणि मुले दुसऱ्या खोलीत, दुसरा तास सगळे एकत्र. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाने २००९ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी मार्गदर्शिका काढली. शिकवतात तरी काय? ऐकून घेणे. मुलाने चांगले केले तर ते त्याच वेळी बोलून दाखवणे. घरातले नियम थोडे, स्पष्ट आणि आधी ठरलेले असणे. नियम मोडला तर शिक्षा लहान पण न चुकणारी असणे. स्वतःचा राग आधी आवरणे. यादी इतकी साधी आहे की वाचणारा म्हणतो, यात काय शिकायचे, हे तर आमच्या आजीलाही ठाऊक होते. आजीला ठाऊक होते हे खरेच. ती ते कुठून शिकली, हा पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही.

आपल्याकडे या कल्पनेला पहिला विरोध अभिमानातून होतो. मुले वाढवणे ही का वर्गात बसून शिकायची गोष्ट? ते रक्तातच असावे लागते. खाण तशी माती. पण याच अर्थाची दुसरी म्हण जरा नीट ऐकावी: बाप तसा बेटा, कुंभार तसा लोटा. ही एक म्हण म्हणून आपण वापरतो, पण तिच्या दोन अर्ध्यांत दोन वेगळे सिद्धांत आहेत. पहिले अर्धे वंशाचे, दुसरे हस्तकौशल्याचे. लोट्यात कुंभाराचे रक्त उतरत नाही, त्याचा हात उतरतो. आणि कुंभाराचा हात जन्माबरोबर येत नाही. चाकापुढे वर्षे घालवल्यावर तो तयार होतो, तोवर बरेच लोटे वाकडे निघालेले असतात. आईबापांची पंचाईत अशी की त्यांना वाकडे निघालेले लोटे मोडून पुन्हा मळता येत नाहीत.

विरोधाचा दुसरा धागा याहून खोल आहे. संस्कार ही धर्माची गोष्ट, कौशल्य ही बाजाराची. एकाच्या जागी दुसरे आणून बसवणे म्हणजे देवघरात प्रशिक्षकाला बसवणे, असे त्याचे म्हणणे. इथे संस्कार या शब्दाकडेच परत जावे लागते. आज आपण तो मुलांवर ‘करतो’, एखाद्या लेपासारखा. वेदातल्या विधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांचा अर्थ वेगळा होता. ज्यामुळे एखादी वस्तू एखाद्या कार्याला योग्य होते तो संस्कार, अशी शबरस्वामींच्या भाष्यातली व्याख्या आहे, आणि धर्मशास्त्राचा इतिहास लिहिताना पां. वा. काणे यांनी संस्कारांच्या विवेचनात तिची दखल घेतली आहे. यज्ञासाठी भात कांडतात, त्यावर पाणी शिंपडतात, तेही मीमांसकांच्या भाषेत संस्कारच. म्हणजे शब्दाच्या गाभ्यात योग्यता आहे, आणि योग्यता ही कृतीने येते. एवढे मान्य केले की संस्कार आणि कौशल्य यांच्यातली भिंत आपण समजतो तेवढी उंच राहत नाही. मग प्रश्न उरतो तो एवढाच की योग्य कोणी व्हायचे. मूल माणूस व्हायला योग्य व्हावे, हे उत्तर सगळे देतात. पण आईबाप व्हायलाही योग्यता लागत असेल तर तिचा संस्कार कोणता?

धर्मसूत्रांनी विधीला कधी पुरेसे मानलेले नाही, हेही आठवावे. गौतमाने चाळीस संस्कार मोजले आणि लगेच आत्म्याचे आठ गुण सांगितले. दया, क्षमा, असूया नसणे, शुचिता, अट्टाहास नसणे, मांगल्य, कृपणता नसणे, हाव नसणे. चाळीसच्या चाळीस संस्कार झाले पण हे आठ गुण नाहीत, तर तो माणूस ब्रह्मापर्यंत पोचत नाही. उलट संस्कार थोडेच झाले पण गुण आहेत, तर पोचतो, असा त्याचा निवाडा. मुंजीचा हॉल दोन वर्षे आधी ठरवून ठेवणाऱ्या काळात हा निवाडा जरा टोचणारा आहे. पण तो कौशल्यवाद्यांनाही तितकाच टोचला पाहिजे. सात संध्याकाळी हजेरी लावून प्रमाणपत्र घेतलेला बाप घरी येऊन स्वतःच्या पेल्यात ओततच राहिला, तर त्याचेही चाळीस संस्कार झाले आणि आठ गुण राहून गेले असेच म्हणावे लागेल.

सद्गुण शिकवता येतो का, हा प्रश्न अथेन्समध्येही विचारला गेला होता. प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात सॉक्रेटिस थेमिस्टोक्लीसचे उदाहरण घेतो. एवढा मोठा माणूस. त्याने मुलाला घोडेस्वारी अशी शिकवली की तो घोड्याच्या पाठीवर ताठ उभा राहून भाला फेकू शके. पण बापाचे शहाणपण मुलात आले, असे कोणी ऐकले नाही. पेरिक्लीसच्या मुलांचीही तीच गत. सॉक्रेटिसला यातून सद्गुण शिकवता येत नसावा असे सुचवायचे आहे. मला त्यातून वेगळे दिसते. थेमिस्टोक्लीसने घोडेस्वारीसाठी गुरू ठेवला, वेळ दिला, सराव करून घेतला. शहाणपणासाठी यातले काय केले, हे संवाद सांगत नाही. ते आपोआप उतरेल असे धरून चालले असावे. जे शिकवलेच नाही ते शिकवता येत नाही, असा निष्कर्ष कसा काढणार?

पुण्याला हा घोडा २०२४ मध्ये मोटारीच्या रूपाने भेटला. १९ मेच्या पहाटे कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले. ज्या राज्यात कडक दारू पिण्याचे कायदेशीर वय पंचवीस आहे, तिथे मुलगा आधी पबमध्ये बसला होता असे पोलीस सांगतात. काही तासांत जामीन मिळाला आणि त्याच्या अटींत तीनशे शब्दांच्या निबंधाचा समावेश होता. त्या निबंधावर महाराष्ट्र महिनाभर चिडत राहिला, आणि ते स्वाभाविक होते. पण चिडण्याच्या भरात एक गोष्ट मागे पडली. पुढे घरातल्या मोठ्यांवरही गुन्हे नोंदले गेले. वडिलांवर बाल न्याय कायद्याखाली. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून आईवडिलांवर. चालकाला दोष अंगावर घ्यायला लावल्याच्या आरोपावरून आजोबांवर. हे सारे आरोप आहेत, त्यांचा निकाल न्यायालयाने द्यायचा आहे, म्हणून त्या घराबद्दल इथे काही ठरवायचे नाही. कायद्याच्या भाषेत मात्र एक शब्द आहे, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’. बोजड आहे खरा, पण त्यात बालकाला गुन्हेगार म्हटलेले नाही, संघर्षात सापडलेले म्हटले आहे. असा संघर्ष उभा राहतो तेव्हा मोठे काय करतात, याला तीनशे शब्दांची मर्यादा पुरत नाही. पैसा, शिक्षण, बंगला यांतले काहीही या कौशल्याच्या जागी उभे राहत नाही, एवढे मात्र कोणत्याही निकालाची वाट न पाहता म्हणता येते.

कौशल्य शब्दाने नेमके काय हाती लागते ते पाहायचे तर ओरेगॉनमधल्या जेराल्ड पॅटरसन यांच्या कामाकडे जावे लागते. त्यांनी घराघरात निरीक्षक बसवून आईबाप आणि मुले यांची रोजची वादावादी नोंदवली. त्यातून १९८२ च्या पुस्तकात त्यांनी मांडलेला फेरा कोणत्याही मराठी घराला ओळखू येईल. आई म्हणते, मोबाइल ठेव. मुलगा कुरकुरतो. आई आवाज चढवते, मुलगा त्याहून चढवतो, शेवटी आई म्हणते, कर काय करायचे ते. त्या क्षणी घरात शांतता येते आणि दोघेही एकेक धडा शिकतात: मुलगा शिकतो की ओरडले की सुटका होते, आई शिकते की सोडून दिले की शांतता मिळते. एखाद्या दिवशी आईचा बांध फुटतो, हात उठतो, मुलगा गप्प बसतो, तोही धडाच. हा फेरा वर्षानुवर्षे फिरला की शाळेत आणि रस्त्यावर मुलगा तेच चलन वापरतो. यात कोणी दुष्ट नाही. दोघेही शिकत आहेत, फक्त चुकीचे शिकत आहेत. शिकण्यातून जे बिघडते ते शिकण्यातून सुधारू शकते, हा या विचाराचा पाया आहे, आणि मला तो धर्माच्या विरोधात वाटत नाही. गीतेत मन आवरत नाही अशी तक्रार अर्जुन करतो तेव्हा त्याला मिळालेल्या उत्तरात पहिला उपाय अभ्यास हाच आहे.

पहारा हेच कौशल्य, असा एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. मुलगा कुठे असतो, कोणाबरोबर असतो हे आईबापांना ठाऊक असलेल्या घरांत व्यसन आणि उनाडकी कमी आढळते, हे अनेक अभ्यासांत दिसले. त्यावरून सगळे म्हणू लागले, लक्ष ठेवा. स्वीडनमध्ये हॉकन स्टॅटिन आणि मार्गारेट कर यांनी २००० साली साधा प्रश्न विचारला: हे ठाऊक होते तरी कसे? उत्तर असे आले की आईबापांना जे माहीत असते त्यातले बरेचसे मुलाने आपणहून सांगितलेले असते. चौकशी आणि बंदोबस्त यांचा वाटा त्या मानाने थोडा. मोबाइलमध्ये गुपचूप माग काढणारे अ‍ॅप बसवणाऱ्या पालकाला हे पटणार नाही, कारण त्याला पोलीस व्हायचे आहे. मुलाला घरी येऊन बोलावेसे वाटावे, असे घर करणे हे त्याहून कठीण काम, आणि राहुकाळात जाऊन दिवा लावण्यासारखेच ते वाईट वेळीही सुटता कामा नये.

रक्ताचा मुद्दा मी टाळला असे वाटू नये. बनशंकरीहून फार दूर नसलेल्या निम्हान्स या मनोआरोग्य संस्थेत विवेक बेनेगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्यासक्त बापांच्या मुलांचा अभ्यास केला. स्वतः अजून न प्यायलेल्या मुलांच्या मेंदूच्या लहरींतही त्यांना फरक दिसले. पुढे याच प्रश्नावर देशभरातल्या सात केंद्रांतून सहा ते तेवीस वयाच्या सुमारे दहा हजार मुलांचा मोठा अभ्यास निम्हान्सच्या पुढाकाराने उभा राहिला. म्हणजे खाणीचा मातीशी संबंध आहे. प्रारब्धवादी इथे जिंकल्यासारखे वाटतात. पण वैद्यक नेमके उलट वागते. ज्याच्या घरात मधुमेह आहे त्याला डॉक्टर साखर आधी बंद करायला सांगतो, नशीब म्हणून हात जोडत नाही. वारकरी घरात माळ घालतात तेव्हाही हेच होते. गळ्यातली तुळस मद्यमांस सोडल्याची खूण असते, ती रोज दिसते, दिंडीतल्या चारचौघांना दिसते, आणि एकादशी दर पंधरवड्याला येऊन आठवण देते. उपदेशापेक्षा ही रचना अधिक टिकली, कारण तिच्यात मोठी माणसे आधी स्वतः बांधली जातात आणि मुले ते पाहतात.

सर्वांत प्रामाणिक आक्षेप मात्र पुराव्याचाच आहे. आयोवात १९९३ पासून तेहतीस ग्रामीण शाळांतल्या कुटुंबांवर रिचर्ड स्पॉथ यांनी जो प्रयोग केला, त्यात प्रशिक्षण घेतलेल्या घरांतल्या मुलांची दारूची सुरुवात पुढे ढकलली गेली आणि फरक काही वर्षे टिकला. तोच कार्यक्रम स्वीडनमध्ये नेला, पोलंडमध्ये नेला, वेल्समध्ये नेला. तिथे मोठ्या चाचण्यांत व्यसनावर फरक दिसला नाही. हे लपवून कौशल्याचा झेंडा मिरवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. चांगल्या हेतूने नुकसानही होते, हे १९३९ मध्ये बोस्टनजवळ सुरू झालेल्या केंब्रिज-सॉमरव्हिल प्रकल्पाने दाखवले. पाचशेहून अधिक मुले. अर्ध्यांना वर्षानुवर्षे सल्लागार, शिकवण्या, उन्हाळी शिबिरे. १९७८ मध्ये जोन मॅकॉर्ड यांनी त्यांचा माग काढला तेव्हा मदत मिळालेल्यांची अवस्था काही बाबतींत न मिळालेल्यांपेक्षा वाईट निघाली. यावरून कोणी म्हणेल, मग सोडून द्या. मी म्हणेन की मंत्र उच्चारला की फळ, ही अपेक्षा इथेही सोडावी. एका जमिनीत उगवलेले बी दुसरीत उगवत नाही तेव्हा शेतकरी शेती सोडत नाही, माती पाहतो. आयोवाची सात संध्याकाळींची पुस्तिका कानडीत किंवा मराठीत उतरवून बनशंकरीच्या एखाद्या समाजमंदिरात वाटली तर तीही पडून राहील. आजीआजोबा, शिकवणीचे वेळापत्रक, रात्री नऊला घरी पोचणारा बाप, भाड्याच्या दोन खोल्या, हे सगळे तिच्यात नसेल तर ती कोणासाठी?

आणि ज्यांना घरच नाही त्यांचे काय? केंद्र सरकारने एम्सकडून करवून घेतलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दारू पिणाऱ्यांची संख्या सुमारे सोळा कोटी निघाली. पण त्याहून मला बोचलेला आकडा वेगळा आहे. हुंगण्याची नशा हा एकच प्रकार असा आढळला, ज्यात मुलांचे प्रमाण मोठ्यांहून जास्त आहे: मुलांत १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८. व्हाइटनर, पंक्चरचे सोल्युशन, रंगाचे थिनर. स्वस्त, जवळच्या दुकानात मिळणारे, आणि बहुधा ज्याला रात्री कोणी विचारत नाही त्या मुलाच्या हातात असणारे. त्याच्या आईला ऐकून घेण्याचे कौशल्य शिकवायला निघणारा माणूस आधी ती दिवसाला किती घरची धुणीभांडी करते ते विचारील तर बरे. दारूच्या महसुलावर राज्ये चालवायची आणि पालकांना जबाबदारी शिकवायची, यातला दुटप्पीपणा उघड आहे. मी तो आक्षेप खोडून काढत नाही, तो मान्य करतो. फक्त एवढेच जोडतो की राज्याचे पाप घराचे काम पुसत नाही. पुण्यात १९८६ मध्ये अनिल आणि सुनंदा अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले ते गर्द या अमली पदार्थाच्या लाटेत. सरकारची धोरणे सुधारण्याची वाट पाहत ते बसले नाहीत. तिथे ‘सहचरी’ हा व्यसनी माणसांच्या बायकांचा गट चालतो, कारण पिणारा एकटा आजारी नसतो आणि बरा होतानाही एकटा होत नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबूत राहायला बोलावले, तेव्हा कुटुंब आरोपीच्या पिंजऱ्यातून उपचारात आले. कुटुंबाला शिकवणे आणि कुटुंबाला दोष देणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे या दोन्ही ठिकाणी कळले होते.

दोष देण्याचा विषय निघाला की आपल्याकडे बोट एकाच दिशेला जाते. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ने मराठी मनाला आईची एक मूर्ती दिली आणि तिचे ऋण मोठे आहे. पण मूर्ती झाली की बाकीचे हात जोडून मोकळे होतात. मुलगा बरा निघाला तर घराण्याचे नाव, बिघडला तर आईचे संस्कार कमी पडले. पालकसभेला कोण येते, शिबिराच्या खुर्च्यांवर कोण बसते, देवळात लिंबाची साल उलटी कोण करते, हे पाहिले की संस्काराचे खाते कोणाच्या नावावर टाकलेले आहे ते कळते. बाप पैसे भरतो.

धर्मशास्त्रकारांत सीमंतोन्नयन या गरोदरपणातल्या संस्कारावर एक वाद झाला होता. हा संस्कार गर्भाचा की स्त्रीचा? गर्भाचा असेल तर प्रत्येक गरोदरपणात करायला हवा. स्त्रीचा असेल तर एकदा झाला की पुरे, कारण ती एकदा योग्य झाली. दोन्ही पक्षांनी हिरिरीने मते मांडली. वादाच्या मधोमध जो माणूस उभा होता त्याच्याविषयी कोणी विचारले नाही. गृह्यसूत्रांतला विधी असा: नवऱ्याने आपल्या हाताने, तीन ठिकाणी पांढरा असलेला साळिंदराचा काटा, दर्भाच्या काड्या आणि उंबराच्या कच्च्या फळांचा घोस घेऊन, बायकोच्या केसांचा भांग कपाळापासून वर पाडायचा. काटा टोकदार असतो, हात हलका ठेवावा लागतो. आपल्याकडे याचे डोहाळजेवण झाले, फुलांची वाडी भरतात, झाकलेल्या वाट्यांतून पेढा की बर्फी ओळखायला लावतात, आणि बंगळुरूतल्या हॉलांतून त्याला अजून सीमंत हेच नाव आहे. होणारा बाप तेव्हा बाहेर खुर्च्या मोजत असतो. फोटोपुरते त्याला आत बोलावतात.